आबांची बाजू तुम्ही का मांडलीत, सर?

सर, तुम्ही गेल्याचं मला आपल्या वाशीच्या आठवडी बाजारात कळलं. कांद्याच्या ढिगापाशी बसलेल्या गंगूबाईनं पाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचे सर गेले म्हणं. सोलापूरच्या दवाखान्यात." कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "यष्टीच्या कंडाक्टरनं." बातमी खोटी असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. रडूही आलं नाही. राग आला. आपला वाद अर्धा टाकून तुम्ही उठून गेलात, आणि असं अर्ध्यावर उठून जाणं तुमच्यात कधीच नव्हतं. समोरचा थकून 'बरं बाबा, तुमचंच खरं' म्हणेपर्यंत तुम्ही त्याला सोडत नसायचात, आणि त्यानं तसं म्हटलं की लगेच त्याच्याच बाजूनं बोलायला लागायचात.

वर्तमानपत्रात तुमचा फोटो आलाय. खाली 'अर्थतज्ज्ञ' असं छापलंय. हा शब्द बाजारात वाचून दाखवला असता तर लोकांनी विचारलं असतं, हे कोण? त्यांच्या लेखी तुम्ही 'काय सोडून आलात'वाले सर. रविवारी उस्मानाबादेहून पहिल्या गाडीनं यायचात, झोळीतून काळं कापड काढायचात, ते लिंबाच्या खोडाला बांधायचात, आणि झाला तुमचा फळा तयार. मग समोरून जाणाऱ्या कुणालाही धरून तोच प्रश्न. "आज बाजाराला आलात, ते काय सोडून आलात?" कुणी म्हणे खुरपणी सोडून आलो, कुणी म्हणे घरी म्हातारा आजारी आहे. माणूस जे करतो त्याची खरी किंमत म्हणजे त्यासाठी त्यानं जे सोडलं ते, एवढी एकच गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलीत. तेरखेड्याहून फटाके विकायला आलेला तो गडी आठवतो? तुम्ही विचारलंत, आणि तो शांतपणे म्हणाला, "बायकूचं भांडण सोडून आलो, सर." सगळा बाजार हसला. तुम्ही फळ्याकडं वळलात आणि म्हणालात, "मग आज काही विकलं न्हाय तरी तुमी फायद्यात." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की शिकवणं म्हणजे काय. मी आज ज्या कुणाला चार अक्षरं शिकवते, ती तुमच्या त्या लिंबाखालची आहेत.

महागाई तुम्ही पंगतीवरून सांगायचात. कढईत बुंदी तेवढीच आहे आणि आचारी नव्यानं बुंदी पाडायची सोडून जेवायच्या चिठ्ठ्याच वाटत सुटला, तर पानात काय पडणार? बायका लगेच म्हणायच्या, "चिमूटभर." ज्यांना सही येत नव्हती त्या बायका. तुमच्याच कॉलेजात आम्हांला तेच समजायला अर्धं वर्ष लागलं होतं.

आणि तरी आज मला तुमच्या शिकवण्याचाच राग येतोय. का ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही वारल्यावर जी माणसं आता तुमच्याबद्दल गोड गोड बोलताहेत त्यांनाही ते ठाऊक असायला हवं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या पाझर तलावाचं काम निघालं. माझी आई त्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. आमच्या वस्तीतली सगळीच जायची, कारण आमच्यात कुणालाच जमीन नव्हती. दुपारी खायला सुकडी वाटली की सगळे बांधाच्या सावलीला बसायचे, आणि तिथं तुम्ही पहिल्यांदा आलात. मी शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर होते. तुम्ही विचारलंत, "हा तलाव कुणाचा?" सगळे म्हणाले, "सरकारचा." "माती कुणी वाहिली?" बायकांनी रिकाम्या पाट्यांकडं बघितलं. शेवटी आई म्हणाली, "आमी." तुम्ही म्हणालात, "मग पाण्यात तुमचा वाटा किती?" तेव्हा जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. आई म्हणाली, "पाणी घेऊन करू काय, सर? घालू कुठं? डोक्यावर?" तुम्हीही हसलात, पण हसता हसता थांबलात. तो प्रश्न घेऊन तुम्ही घरी गेलात.

पुढं पाणीवाटप संस्था निघाली ती त्या प्रश्नातूनच. तलावाचं पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं, ही तुमची कल्पना. ज्याला जमीन नाही त्यानं आपल्या वाट्याचं पाणी जमीनवाल्याच्या रानात सोडायचं आणि येईल ते पीक दोघांनी निम्मंनिम्मं घ्यायचं. लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. मोठ्या रानांचे मालक म्हणाले, पाणी काय चालतं-बोलतं आहे का, माणसामागं जायला? तुम्ही ओट्याओट्यावर बसलात. आमच्या वस्तीत येऊन बसलात, आमच्या घरी जेवलात. त्या जेवणावरून तुळजापूरच्या तुमच्या थोरल्या भावानं तुमच्याशी बोलणं टाकलं, देवीच्या पूजेतली तुमची पाळी काढून घेतली, हे मला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. काकूंनी सांगितलं, तेही पोळ्या लाटता लाटता, सहज. मी कॉलेजला असताना काकूंच्या स्वयंपाकघरात बसून जेवायचे, आणि त्या घराला त्याची काय किंमत पडली याचा मला पत्ताही नव्हता.

संस्था झाली. पहिल्याच रब्बीला आईच्या वाट्याचं पाणी ओढ्याकाठच्या रामभाऊंच्या रानात सोडलं, आणि सुगी झाल्यावर ज्वारीचं पोतं आमच्या दारात उतरलं. आई कितीतरी वेळ त्या पोत्यापाशी नुसती बसून होती. मग मला म्हणाली, "कमल, ही मागून आणल्याली न्हाय." एवढंच. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या खळ्यावर पदर पसरत आलेली बाई होती. त्या वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, सर. पुढचं सगळं लिहितानाही आहे.

मग ऊस आला. साखर कारखाना उभा राहणार म्हटल्यावर ज्यांची रानं तलावाखाली होती त्यांना झोप लागेना. उसाला पाणी लागतं, सतत लागतं, आणि पाणी तर माणशी वाटलेलं. संस्थेचे चेअरमन आबासाहेब यांनी सभा बोलावली. विषय एकच होता: पाणी पुन्हा जमिनीप्रमाणं द्यायचं का? म्हणजे सरळच सांगायचं तर भूमिहीनांचा वाटा काढायचा का?

सभा शाळेच्या अंगणात होती. तुम्हाला मुद्दाम बोलावलं होतं, कारण तुमच्याशिवाय गावात कुठला ठराव होत नसे. आमची वस्ती भिंतीला टेकून बसली होती. आई पुढं होती. आम्ही कुणीच घाबरलो नव्हतो. सर आलेत म्हटल्यावर कशाला घाबरायचं?

तुम्ही आधी आमची बाजू मांडलीत. माती कुणी वाहिली ते सांगितलंत. पोटापुरती ज्वारी गावातच पिकली तर दुष्काळात गाव हलत नाही, हे सांगितलंत. माणसं डोळे पुसत होती. आबांचा पुतण्यासुद्धा मान हलवत होता. तेव्हा तुम्ही खाली बसला असतात, तर आजही आईच्या वाट्याचं पाणी वाहत असतं, असं मी शपथेवर सांगते.

मग आबा उठले. आबा तसे वाईट माणूस नाहीत, हे मीही मानते, पण त्यांना बोलता येत नव्हतं. "तसं न्हाय... म्हंजी बगा... ऊस म्हटल्यावर... पोरं बी शिकली पायजेत..." असं काहीबाही म्हणत ते घाम पुसायला लागले. लोक हसायला लागले. आणि सर, तुम्ही उठलात. मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होते. वर्गात एखाद्या पोराचं बरोबर उत्तर तोंडात अडकलं की तुमचा चेहरा व्हायचा, तसाच झाला होता. तुम्ही म्हणालात, "आबा, तुम्हाला असं म्हणायचंय का?" आणि तुम्ही आबांची बाजू मांडलीत.

काय मांडलीत! काळ्या कापडावर खडूनं तलाव काढलात. एका बाजूला ज्वारी, एका बाजूला ऊस. "ज्वारी केली तर काय सोडलं?" असं विचारलंत आणि सगळ्या सभेनं उत्तर दिलं, "ऊस!" ऊस म्हणजे कारखान्याचा रस्ता, रस्त्यावर हॉटेलं, पोरांना कारखान्यात काम, आणि त्या पैशातून भूमिहीनांनाही मजुरी, हे सगळं तुम्ही पायरी पायरीनं उलगडलंत. स्वतः आबासुद्धा तोंड उघडं ठेवून ऐकत होते, आपल्या मनात एवढं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही शेवटी म्हणालात, "आता दोन्ही बाजू तुमच्यापुढं आहेत. ठरवायचं ते तुम्ही." आणि खाली बसलात. शेवटचं कानात राहिलं होतं ते आबांचं. हात वर झाले. भिंतीला टेकलेली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. आईनं मला हळूच विचारलं, "सर आपल्याकडून व्हते न्हवं?"

त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ती पुन्हा कधी विचारत बसली नाही.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते तुम्हाला ऐकवायचंच आहे. ऊस वाढला. मजुरी मिळाली, खोटं कशाला बोलू, पण लावणीची आणि पाणी द्यायची, थोड्या दिवसांची. घरात ज्वारी येणं थांबलं. मग मुकादम यायला लागला आणि वस्तीतली घरं एकामागून एक ऊसतोडीला जायला लागली, दूर, दुसऱ्यांच्या रानात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याला. ज्यांचं पाणी उसासाठी घेतलं तेच ऊस तोडायला बाहेर पडले, सर. मी आमच्याच गावच्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली भिंतीकडची रांग रिकामी होते. पोरं आईबापांबरोबर बैलगाडीत बसून जातात आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात. मी पुन्हा पहिल्यापासून घेते. पुन्हा दिवाळी येते. यात बदल होईल असं मला आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं, लोकांना समजावून सांगितलं की लोक नीट वागतात. हे तुमचंच शिकवणं. आता मला वाटतं, लोकांना फार चांगलं समजलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी हात वर केले.

यंदा पुन्हा पाऊस नाही. तलावात जे उरलंय ते इंजिनं लावून उसाला ओढताहेत. प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि टँकर तलावाच्या बांधाखालीच उभा राहतो. ज्या बांधाची माती आईनं डोक्यावर वाहिली त्याच्या पायथ्याशी ती घागर घेऊन रांगेत उभी असते. या वयात. मी शाळेतून येताना ते बघते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो, पण मी कुणावर चिडू? आबांवर चिडावं तर त्यांच्या तोंडात शब्द तुम्ही घातलेले.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडं आले ते हेच विचारायला. तुम्ही खाटेवर शाल घेऊन बसला होतात, हाडं नुसती. काकू म्हणाल्या, फार बोलू देऊ नको. मी मनाशी ठरवलं होतं की तब्येत विचारायची आणि परत फिरायचं. पण तुम्हीच म्हणालात, "कमल, तोंडावर दिसतंय तुझ्या. बोल."

मी विचारलं. "सर, आमच्या घरी जेवलात तेव्हा घर तुटलं तुमचं. तेव्हा नाही दोन बाजू मांडत बसलात. मग आमचं पाणी जाताना का मांडल्यात?"

तुम्ही शाल नीट ओढून घेतलीत. मग म्हणालात, "माझं होतं ते मी सोडलं. पाणी माझं नव्हतं गं. त्यावर मी कसा हुकूम चालवू?"

"हुकूम नको होता सर. तुम्ही आमच्याकडून आहात, एवढं म्हणायचं होतं."

"तसं म्हटलं असतं तर मी समजावून सांगणारा राहिलो नसतो. पुढाऱ्यासारखा झालो असतो. लोकांनी ऐकलं नसतं."

"ऐकून काय झालं?"

तुम्ही खिडकीकडं बघायला लागलात. मग अगदी लहान आवाजात म्हणालात, "आबांना बोलता येत नव्हतं. ज्याला बोलता येत नाही त्याला शब्द द्यायचे, एवढंच मी आयुष्यभर केलं."

"भिंतीला टेकून बसलेल्यांना तरी कुठं येत होतं?"

तुम्ही काहीतरी म्हणणार होतात. तोंड उघडलं होतंत. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, काकू काढा घेऊन आल्या, आणि त्या गडबडीत तुम्ही मला हातानं खूण केलीत, नंतर, नंतर. निघताना म्हणालात, "पुढच्या खेपेला ये. याचं उत्तर आहे माझ्याकडं." सर, मी येताना काय आणायचं ते ठरवलं होतं. काकूंना आवडतो तसा ज्वारीचा हुरडा आणणार होते. कुठून तरी मिळवलाच असता.

तुम्ही काय म्हणणार होतात? मी रोज वेगवेगळं उत्तर बनवते. कधी तुम्ही म्हणता, मी चुकलो. कधी म्हणता, लोकांवर विश्वास ठेवण्याची हीच किंमत असते. कधी तुम्ही नेहमीसारखं माझीच बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून दाखवता. ही सगळी उत्तरं माझी आहेत. तुमचं उत्तर तुम्ही बरोबर घेऊन गेलात, आणि ते आता कुणीच आणून देणार नाही. शाळेत जाता येता मी तुमच्याशी भांडत असते. पोरं विचारतात, "बाई, कुणासंगं बोलताय?"

परवा गावात तुमची शोकसभा झाली. त्याच अंगणात. थंडीचे दिवस, वस्तीतली बहुतेक माणसं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळं भिंतीकडं आई, मी आणि दोन म्हाताऱ्या बायका. आबा बोलले. सर, आबा आता फार छान बोलतात. मध्येच थांबतात, समोरच्याला प्रश्न विचारतात, उत्तर येईपर्यंत वाट बघतात. तुमची सगळी लकब उचललीय त्यांनी. आणि शेवटी त्यांनी ठराव मांडला की तलावाला तुमचं नाव द्यावं. बोर्ड रंगवायला टाकलाय म्हणाले. टाळ्या झाल्या. "तर मग सर्वानुमते मंजूर समजायचं का?"

मी उठले. म्हटलं, "माझा विरोध आहे."

आबा म्हणाले, "बाई, सरांच्या नावाला तुमचा विरोध? तुमी तर त्यांच्या लेकीसारख्या."

"व्हय. ज्यांनी माती वाहिली त्यांचं पाणी आधी परत द्या. मग नाव द्या. तोवर त्या बोर्डावर सरांचं नाव नको."

मला वाटलं ते चिडतील. नाही चिडले. तुमच्यासारखेच हसले, समजूतदारपणे. म्हणाले, "बाई, लई मोठी गोष्ट काढली तुमी. पण सरांची शिकवण इसरू नका. तुमी त्यांच्या शिष्या. ऊसवाल्यांचं बी म्हणणं सांगा, आपलं बी सांगा, दोन्ही बाजू मांडा. मग लोक ठरवतील."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला सगळं येत होतं, सर. उभ्या उसाचं पाणी तोडलं तर काय होईल, कारखान्याचं काय होईल, कुणाकुणाच्या चुली त्यानं विझतील, एकेक पायरी मला पाठ होती. काळं कापड असतं तर काढूनही दाखवलं असतं.

"मला एकच बाजू येते, आबा," मी म्हटलं.

खोटं बोलले, सर. तुमच्या शोकसभेत, तुमच्या फोटोसमोर.

मग हात वर करायला सांगितले. ठराव मंजूर झाला. विरोधात किती, म्हणून आबांनी भिंतीकडं बघितलं. माझा हात होता आणि आईचा. मोजून झालं, लोक उठले, सतरंज्या गुंडाळायला लागले, तरी आईनं हात खाली घेतला नव्हता. मीच तो धरून खाली घेतला.